शेगडी इज बॅक... पण जरा जपून!

टेरेसवरचा बार्बेक्यू असो, तळ्याकाठचा टेंट असो की थंडीतली वांग्याच्या भरिताची पार्टी, आजीच्या जमान्यातल्या शेगडीने पुन्हा दणक्यात एंट्री घेतलीय. कोळसा पेटवायला सगळेच उत्सुक असतात. तो कुठे पेटवायचा, कसा विझवायचा आणि नंतर शेगडीचं काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा खास कोळसा-कोर्स.

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सअॅप ग्रुप्सवर एकच चर्चा सुरू होते. ‘या शनिवारी कुणाच्या टेरेसवर?’ मग मेन्यू ठरतो. वांग्याचं भरीत, कणसं, रताळी, पनीर टिक्का, तंदुरी चिकन. ग्रुप फारच हौशी असेल तर थेट अलिबागकडे पोपटी, नाहीतर सोलापूरकडे हुरडा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला निखाऱ्यावरच्या वांग्याची सर येत नाही, हे एकदा जिभेला कळलं की माणूस शेगडीच्या प्रेमात पडलाच म्हणून समजा.

त्यामुळेच माळ्यावर पडलेली शेगडी आता खाली आलीय. कुणी जुन्या बाजारातून लोखंडी शेगडी उचलतं, कुणी ऑनलाइन झाकणवाला बार्बेक्यू मागवतं, तर कुणी ‘बार्बेक्यू इन्क्लूडेड’ वाचून पवना लेकचा टेंट बुक करतं. झकास! यात नाक मुरडण्यासारखं काहीच नाही.

फक्त एक फरक लक्षात घ्या. गॅस बंद करायला नॉब असतो, कोळशाला तो नसतो. तो किती तापणार, किती वेळ धगधगणार आणि कधी विझणार, हे सगळं पेटवणाऱ्याने सांभाळायचं असतं. आपल्या आज्यांना ही विद्या येत होती. आपल्या पिढीला ती कुणी शिकवलीच नाही.

आजीला कुठे काय झालं?

‘कोळसा घरात पेटवू नका’ असं म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. ‘आमच्या आजीने चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत अख्खा जन्म शेगडीवर स्वयंपाक केला. तिला कुठे काय झालं?’

प्रश्न बरोबर आहे, पण त्या खोलीकडे नीट बघा. वर कौलं, कौलांमध्ये फटी. लाकडी खिडक्या कधी नीट न लागणाऱ्या. दार सकाळपासून रात्रीपर्यंत सताड उघडं, कारण शेजारच्या काकूंचं येणं-जाणं सुरू. शेगडी पेटवायची ती बाहेर गॅलरीत, आणि रात्री निखारे राखेखाली झाकून ती पुन्हा बाहेर. त्या घरातून वारा दिवसभर खेळत असायचा. पावसाळ्यात ते घर गळायचं आणि त्याच गळकेपणाने बाराही महिने आतली हवा बाहेर जायची.

आता तुमचा टू बीएचके बघा. रबराची पट्टी लावलेल्या स्लाइडिंग खिडक्या, घट्ट बसणारं सेफ्टी डोअर, एसीची थंड हवा जाऊ नये म्हणून दाराखाली लावलेली पट्टी, डासांमुळे संध्याकाळी सहालाच बंद होणारी बाल्कनी. आपण हौसेने पैसे मोजून घर हवाबंद केलंय. शेगडी तीच आहे बॉस, घर बदललंय!

आणि आजीला काहीच झालं नाही, हेही तितकंसं खरं नाही. तो कायमचा खोकला, डोळ्यांची आग, ‘डोकं धरलंय गं आज’ हे रोजचं वाक्य... त्याचा हिशेब कुणी ठेवलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तो जगापुरता मांडलाय. चुलीचा आणि घरातल्या इतर इंधनांचा धूर २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख मृत्यूंना कारणीभूत ठरला, असा तिचा अंदाज आहे.

धूर गेला म्हणजे धोका गेला?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच! कोळसा पेटवताना धूर होतो, डोळे चुरचुरतात, सगळे खोकत बाजूला होतात. अर्ध्या तासाने धूर संपतो. निखारे लालबुंद होतात, वर राखाडी साय धरते. मग कुणीतरी म्हणतं, ‘आता धूर नाहीये, घ्या आत.’ आणि खरा धोका इथेच सुरू होतो.

थोडं सायन्स, घाबरू नका. शेगडीत खालच्या बाजूने हवा शिरते. तळाच्या कोळशाला भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू वरच्या लाल निखाऱ्यांच्या थरातून जाताना पुन्हा कार्बनशी जुळतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. रसरशीत निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योती नाचताना दिसतात ना? तो हाच वायू जळत असतो. त्या ज्योती विझल्या, निखाऱ्यांवर राख बसली, की तो न जळता गुपचूप बाहेर पडतो. धूर नाही, रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी नाही. शंका यावी असं काहीच नाही.

शरीरात गेल्यावर तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, तेही ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ताकदीने. म्हणजे रक्त फिरत राहतं, पण गाडीतल्या सीट आधीच अडवलेल्या! मेंदू आणि हृदय ऑक्सिजनसाठी ताटकळत राहतात. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मळमळतं, हातापायातलं त्राण जातं, झोप येते. या झोपेतून उठवायला कुणी नसेल, तर पुढचं सांगायला नको.

‘पण मी खिडकीची फट ठेवली होती’ ही पळवाटही चालत नाही. किती निखारे, केवढी खोली, वारा कुठल्या दिशेचा, यावर सगळं अवलंबून असतं, आणि वायू तर दिसत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा. चिमणी नसलेली कोळशाची शेगडी चार भिंती आणि छपराच्या आत आणायची नाही. पेटताना नाही, धगधगताना नाही आणि विझताना तर नाहीच.

हे खरंच होतं?

होतं, आणि भल्याभल्यांचं होतं. ‘नाना’सारखी कादंबरी लिहिणारा फ्रेंच लेखक एमिल झोला सप्टेंबर १९०२ मध्ये पॅरिसच्या आपल्या घरातच गेला. बेडरूममधल्या शेकोटीत कोळसा होता आणि चिमणी तुंबलेली होती. रात्री त्याला आणि बायकोला दोघांनाही बरं वाटेना. काहीतरी बाधलं असेल असं समजून त्यांनी कुणाला उठवलं नाही. बायको वाचली, तो गेला.

इतकं लांब कशाला? नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली कॅन्टोन्मेंट भागात केटरिंगचं काम करणारे सहा जण थंडी घालवायला तंदूर आत घेऊन कंटेनरमध्ये झोपले आणि उठलेच नाहीत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक रिसॉर्टच्या बंद खोलीत गुदमरून गेले. त्यात लहान मुलंही होती. तिथे कोळसा नव्हता, गॅसचा हीटर होता. पण बंद दारं-खिडक्या आणि आत जळणारं इंधन, हे सूत्र तेच.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. कुणीही आगीने भाजलं नाही.

जागा कुठली निवडाल?

बेस्ट जागा म्हणजे उघडी गच्ची, अंगण किंवा सोसायटीने परवानगी दिलेली मोकळी जागा. बाल्कनीला काचा बसवल्या असतील तर ती बाल्कनी नाही, खोली समजा. खालच्या फ्लॅटची बाल्कनी, वरच्यांचे वाळत घातलेले कपडे आणि शेजारच्या आजोबांचा दमा हेही हिशेबात धरा. शेगडीच्या चारही बाजूंना किमान तीन फूट रिकामी जागा हवी. पडदा, प्लॅस्टिकची शेड, मंडपाचं कापड, सिंथेटिक गालिचा, गॅस सिलिंडर आणि एसीचं आउटडोअर युनिट यांच्या जवळपासही नको.

शेगडी थेट टाइल्सवर ठेवलीत तर टाइल तडकू शकते. खाली चार विटा मांडा. शेगडी डुगडुगत नाही ना, हे पेटवण्याआधी बघा. पेटलेली शेगडी हलवायची नाही, म्हणून जागा आधीच ठरवा.

आणि मुंबई-पुण्याचा खास प्रॉब्लेम म्हणजे पाऊस. पार्टी रंगात आलेली असते, अचानक सर येते, आणि कुणीतरी उत्साही मित्र शेगडी उचलून जिन्याच्या लँडिंगवर किंवा हॉलमध्ये आणतो. अजिबात नाही! पाऊस आला तर खाणं आत येईल, माणसं आत येतील. शेगडी भिजू दे.

कोळसा कुठला घ्यायचा?

स्वयंपाकाला लाकडी कोळसा. वखारीत मिळतो, आता सुपरमार्केटमध्येही पिशव्या असतात. वजनाला हलका, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजणारा घ्यावा. करवंटीचा कोळसाही उत्तम, तो जास्त वेळ टिकतो. दगडी कोळसा जड आणि चकचकीत काळा असतो. त्यात गंधक असतं आणि तो जळताना उग्र वास येतो. त्यावर थेट काही भाजायचं नाही. इंग्लंडमध्ये घरगुती शेकोटीसाठीच्या पारंपरिक दगडी कोळशाची विक्री मे २०२३ पासून बंदच झालीय. आपल्याकडेही वारं त्याच दिशेचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं.

जुन्या फर्निचरचं प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, प्लॅस्टिकच्या पिशव्या शेगडीत घालू नका. गोंद आणि रंगाचा विषारी धूर थेट कणसावर बसतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा रंगाचा रिकामा डबा कापून ‘जुगाड बार्बेक्यू’ बनवायचे व्हिडिओही सोडून द्या. ते मुलामे आणि रंग तापण्यासाठी बनलेले नसतात.

कोळसा कोरडा हवा. ओला कोळसा धूर करतो आणि फटफट उडतो. उघडलेली पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

पेटवण्याचा फंडा

आधी मागची राख काढा, जाळी मोकळी करा. खालचं दार पूर्ण उघडा, कारण हवा तिथूनच येणार. जाळीवर कागदाचा बोळा, त्यावर नारळाच्या शेंड्या आणि करवंटीचे तुकडे, त्यावर बारीक कोळसा, वर थोडा मोठा. कोळसा पिंपासारखा ठासून भरू नका, मध्ये हवेला वाट हवी. कागद खालून पेटवा आणि... थांबा. हो, थांबायचंच! वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मॅरिनेशन करा, गप्पा मारा.

घाई झाली की लोक नको ते करतात. पेटत्या कोळशावर रॉकेल, पेट्रोल, थिनर किंवा सॅनिटायझर ओतणं म्हणजे स्वतःच्या अंगावर ज्योत बोलावणं. ज्योत धारेवरून उलटी बाटलीपर्यंत येते. सॅनिटायझरची ज्योत तर उजेडात धड दिसतही नाही. टेबल फॅन आणि हेअर ड्रायर लावला की ठिणग्या कुठे जाऊन पडतील याचा भरवसा नाही. त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या पंख्याने खालच्या दाराशी बेताने वारा घाला. फुंकणी वापरत असाल तर फुंका आणि तोंड बाजूला घ्या.

ड्रेस कोड? सुती कपडे, बाह्या दुमडलेल्या, केस बांधलेले. नायलॉनची ओढणी आणि झुळझुळीत श्रग सेल्फीपुरते ठीक, शेगडीपाशी नकोत. लांब दांड्याचा चिमटा, जाड सुती हातमोजे, एक बादली पाणी आणि एक बादली वाळू हाताशी ठेवा. आणि एक माणूस ‘शेगडी ड्यूटी’वर नेमा. ज्याची ड्यूटी, त्याने त्या रात्री ग्लास हातात घ्यायचा नाही. मुलं आणि पाळीव प्राण्यांसाठी खडूने एक रेघ आखा, तिच्या आत नो एंट्री.

चिकनची चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या तर पाणी मारू नका. वाफ आणि गरम चरबी अंगावर उडते. खाणं बाजूला सरकवा, झाकण असेल तर लावा. हवा तुटली की ज्वाळा बसतात.

पार्टी संपली, शेगडी नाही

रात्री साडेबारा. सगळे दमलेले. निखारे काळे-राखाडी दिसतायत, म्हणजे विझले असणार. नाही! आपल्या भाषेत ‘राखेखालचा विस्तव’ हा शब्दप्रयोग उगाच नाही आलेला. राख निखाऱ्याला पांघरुणासारखी जपते आणि आतली धग दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकू शकते.

झाकणाचा बार्बेक्यू असेल तर झाकण आणि सगळी भोकं बंद करा. उघडी शेगडी असेल तर खालचं दार बंद करा आणि निखारे चिमट्याने वाळूच्या बादलीत किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. डबा उघड्यावरच, विटांवर ठेवायचा. शेगडीत एकदम पाणी ओतलं तर वाफेचा लोट थेट तोंडावर येतो आणि शेगडीचं मातीचं अस्तर तडकतं. पाण्याने विझवायचंच असेल तर निखारे बाहेर काढून, लांब उभं राहून, थोडं थोडं पाणी शिंपडा.

दुसऱ्या दिवशी राख पूर्ण गार झालीय याची खात्री करा. हात घालून नव्हे, वर हात धरून आधी धग लागते का ते बघा, मग चिमट्याने ढवळा. गरम राख सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकणं म्हणजे सुक्या कचऱ्याला आग लावणं. लाकडी कोळशाची गार राख कुंड्यांमध्ये चिमूटभर घालता येते, भांडी घासायला तर ती जुनी मैत्रीण. दगडी कोळशाची राख मात्र भाजीपाल्याच्या कुंडीत नको. तिच्यात जड धातू असू शकतात.

शेगडीचं सर्व्हिसिंग

बाइकचं सर्व्हिसिंग आपण न चुकता करतो, शेगडीला मात्र एका पार्टीनंतर विसरतो. तिची निगा अगदी सोपी आहे.

प्रत्येक वेळी राख पूर्ण काढा. राख हवेतली ओल धरून ठेवते आणि लोखंड खालून गंजतं. जाळी वाकली किंवा तिच्या कांबी पातळ झाल्या असतील तर बदला. भर पार्टीत जाळी तुटली तर निखारे सरळ पायावर येतील. कडीचे आणि पायांचे रिबिट हलवून बघा.

मातीच्या अस्तराला चिरा पडल्या असतील तर चिकणमातीत भाताचा तूस मिसळून लिंपा, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून फायर क्ले आणा. सावलीत सावकाश वाळू द्या. मग पहिल्यांदा अगदी थोड्या निखाऱ्यांवर तापवा. ओलं अस्तर एकदम तापलं की तडकतं.

भाजायची जाळी घासताना तारेचा ब्रश जपून. त्याची तार सुटून जाळीला चिकटते आणि खाण्यातून घशात जाते. त्यापेक्षा जाळी कोमट असताना अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी घासा. पावसाळ्याआधी शेगडीला आतून-बाहेरून खाण्याच्या तेलाचा पातळ हात मारा आणि कोरड्या जागी ठेवा.

टेंट, गाडी आणि बुखारी

कॅम्पिंगला गेलात की रात्री दोनला गारठा झोंबतो आणि बाहेर निखारे छान लाल असतात. ‘टेंटच्या तोंडाशी ठेवू या’ ही आयडिया कुणाच्याही डोक्यात येऊ शकते. ती तिथेच मारून टाका. टेंटचं कापड पेटतं हा झाला एक धोका. त्याहून वाईट म्हणजे एवढीशी हवा काही मिनिटांत विषारी होऊ शकते. जास्तीचं ब्लँकेट मागा, कोरडे मोजे घाला, गरम पाण्याची बाटली पोटाशी घ्या. परतताना कोमट शेगडी डिकीत टाकू नका. काचा बंद केलेली गाडी म्हणजे चाकांवरचा टेंटच.

काश्मीर-लडाखच्या ट्रिपला खोलीत बुखारी दिसेल. लोखंडी भट्टी आणि धूर बाहेर नेणारा पाइप. पाइप आहे म्हणून ती शेगडीपेक्षा वेगळी. पण पाइप काजळीने तुंबला, सांधा निसटला किंवा वर बर्फ साचला, की तीही शेगडीच. पाइप साफ कधी केला, हे मालकाला बिनधास्त विचारा. आत धूर परतत असेल तर खोली बदला. झोपण्याआधी ती विझवायला सांगा आणि वरची खिडकी थोडी उघडी ठेवा.

बाळंतिणीची खोली : इथे ठाम राहा

हा मुद्दा पार्टीचा नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा आहे. घरात बाळ येतं. गावाहून आई किंवा सासूबाई येतात, आणि सोबत येते शेक-शेगडीची रीत. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. दारं-खिडक्या बंद, ‘वारा लागेल’ म्हणून. गावच्या कौलारू घरात हवा कुठून ना कुठून यायची. तुमच्या बेडरूममध्ये ती येत नाही. तान्हं बाळ मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं, त्यामुळे वायूही लवकर अंगात घेतं. आणि त्याचं डोकं दुखतंय हे ते सांगू शकत नाही. ते नुसतं मलूल होतं, जास्त झोपतं. आपल्याला वाटतं, शेकाने छान झोप लागली.

इथे आईशी वाद घालू नका, तिचा मान ठेवून पर्याय द्या. ‘आई, शेक तुम्हीच द्या, फक्त निखाऱ्याऐवजी गरम पाण्याची पिशवी घेऊ या. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करू. डॉक्टरांनी खोलीत कोळसा नको म्हटलंय.’ डॉक्टरांना खरंच विचारून घ्या, म्हणजे वाक्यही खरं होईल. शेकाची ऊब हवी, माया हवी. त्यासाठी निखारा लागत नाही.

काही झालंच तर...

एकाच जागी असलेल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, ताप नाही, गरगरतंय, मळमळतंय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय, तर ती अॅसिडिटी किंवा हँगओव्हर समजू नका. सगळ्यांना बाहेर काढा. येता येता दारं-खिडक्या उघडता आल्या तर उघडा, पण त्यासाठी आत रेंगाळू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा. डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा, ‘कोळसा पेटवला होता.’ त्यावरून ते रक्ताची योग्य तपासणी करतील आणि ऑक्सिजन सुरू करतील.

कोविडपासून घरोघरी आलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर इथे अजिबात विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस कोसळत असतानाही तो आकडा ९८ दाखवू शकतो!

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं चांगलंच, ऑनलाइन मिळतो. गॅस लीकचा किंवा धुराचा डिटेक्टर हा वायू ओळखत नाही, त्यामुळे घेताना नीट वाचून घ्या. दर महिन्याला बटण दाबून टेस्ट करा, बॅटरी आणि एक्स्पायरी बघा. गाडीत सीटबेल्ट असला म्हणून आपण मुद्दाम भिंतीवर आदळत नाही. तसंच अलार्म आहे म्हणून शेगडी आत आणायची नाही.

चौकट : फ्रिजवर चिकटवा

• शेगडी फक्त उघड्यावर. काचा लावलेली बाल्कनी म्हणजे खोली.
• धूर संपला म्हणजे धोका संपला नाही.
• रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांना शेगडीपाशी नो एंट्री.
• चारही बाजूंना तीन फूट मोकळी जागा, खाली विटा, शेजारी वाळू आणि पाणी.
• एक जण ‘शेगडी ड्यूटी’वर, शेवटचा निखारा विझेपर्यंत.
• राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, रात्रभर बाहेर.
• टेंट, गाडी आणि बाळाच्या खोलीत निखारा कधीच नाही.
• सगळ्यांचं एकदम डोकं दुखलं तर आधी बाहेर, मग १०८.

कोळशाची मजा घ्यायला ही एवढी पथ्यं जास्त नाहीत. क्रिकेटला पॅड आणि ट्रेकला बूट घालतोच की आपण. विस्तवाशी दोस्ती जरूर करा, सलगी नको. तेव्हा या शनिवारी शेगडी गच्चीवर न्या, दाराबाहेरच विझवा आणि निवांत झोपा. आणि हो, भरीत उरलं तर आमच्या ऑफिसचा पत्ता तुम्हाला माहीत आहेच!